‘सोडलं’ नावाचा रकाना

आमच्या हनिमूनच्या शीटमध्ये नऊ रकाने होते. तारीख, कुठून, कुठे, मैल, मुक्काम, खर्च, बुकिंग झालं का, ते कुणी करायचं, आणि सगळ्यात शेवटी ‘सोडलं’. हा शेवटचा रकाना नवऱ्याने घातला होता. ज्या जागा बघायच्या नाहीत असं दोघांनी मिळून ठरवलं त्या तिथे जायच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा तोच वाद नको. प्रत्यक्षात वाद व्हायचे ते याच रकान्यावरून.

आता मावसबहिणीचं लग्न ठरलंय आणि तिने ती शीट मागितली आहे. पण नुसत्या शीटवरून तिला काही कळणार नाही. म्हणून ऑक्टोबर २०२४ मधली ही गोष्ट, जरा उशिराच, सविस्तर लिहून काढते.

आमचं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं, रीतसर बघून-दाखवून. नवरा भूगर्भशास्त्र शिकलेला, नोकरी मात्र सॉफ्टवेअरमध्ये. दुसऱ्या भेटीत त्याने मला अमेरिकेतल्या युटा राज्याचा नकाशा दाखवला होता. तिथे झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स अशी पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत, आणि गाडीने एका दमात पाचही करता येतात. “आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे काळा बेसाल्ट. तिथे लाल वाळूचा खडक आहे,” असं तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की मला हसू आवरेना. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: “हनिमूनला दगड बघायला कोण जातं?”

त्याच्याकडे ऑफिसच्या कामामुळे दहा वर्षांचा व्हिसा आधीपासून होता. माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यामुळे आमचा मधुचंद्र लग्नानंतर दहा महिन्यांनी झाला, आणि त्यातले पहिले सहा महिने माझ्या व्हिसातच गेले.

जानेवारीत डीएस-१६०, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा ऑनलाइन फॉर्म भरला. तो एका बैठकीत होईल असं समजू नका. मध्येच सेशन बंद पडतं. वर दिसणारा अर्ज क्रमांक आधी लिहून ठेवला तर सोडलं तिथून पुढे भरता येतं. मी ठेवला नाही आणि दोनदा पहिल्यापासून भरला. शुल्क १८५ डॉलर, व्हिसा मिळो न मिळो, परत मिळत नाही. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. नाव बदलून घ्यायचं की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. आम्ही नाही बदललं, आणि त्याने कुठेही अडलं नाही. फक्त व्हिसा, विमान, हॉटेल सगळीकडे पासपोर्टावरचंच नाव घाला. कुठे माहेरचं, कुठे सासरचं असं केलंत तर निस्तरत बसाल.

मुंबईची पहिली तारीख मिळाली मार्च २०२५ ची. त्या दिवशी मी खरंच रडले. मग कळलं की आधी घेतलेल्या तारखा लोक सोडतात आणि त्या पुन्हा यादीत येतात. तारीख बदलायच्या संधी मोजक्याच असतात, त्यामुळे नुसतं बघायचं आणि खरोखर चांगली तारीख दिसली तरच हात घालायचा. मे महिन्यात एका रात्री जून दिसला आणि मी हात घातला. १० जूनला बीकेसीत बोटांचे ठसे आणि फोटो, ११ जूनला तिथेच वकिलातीत मुलाखत. मोबाईल आत नेता येत नाही, तो कुठे ठेवायचा हे आधी ठरवून जा. माझा भाऊ बाहेर माझी पिशवी घेऊन उभा होता. मी पगाराच्या पावत्या, लग्नाचा दाखला, सासऱ्यांच्या घराची कागदपत्रं, सगळं रचून नेलं होतं. एकही कागद कुणी मागितला नाही. कशासाठी जाताय, कोण कोण जाताय, काय काम करता, एवढे तीन प्रश्न. एकाचं उत्तर देताना मी “दगड बघायला” म्हणून गेले आणि खिडकीपलीकडच्या बाई हसल्या. दोन मिनिटांत झालं. आठवड्याभरात पासपोर्ट हातात.

तोवर विमानाची तिकिटं घेतली नव्हती, आणि तुम्हीही घेऊ नका. हॉटेलं मात्र फेब्रुवारीपासूनच धरून ठेवली होती, सगळी विनाशुल्क रद्द होणारी. उद्यानांच्या आतली लॉजेस वर्षभर आधी भरतात. ती आम्ही पहिल्याच दिवशी ‘सोडलं’मध्ये टाकली. बाहेरच्या छोट्या गावांत राहायचं ठरवलं: झायनला स्प्रिंगडेल, ब्राइसला ट्रॉपिक, कॅपिटल रीफला टोरी, आणि शेवटच्या दोन उद्यानांना मिळून मोआब.

जुलै लागला आणि परवान्यांचा हंगाम सुरू झाला. आर्चेसला त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी सात ते दुपारी चार या वेळात जायचं तर वेळ आधी आरक्षित करावी लागे. शुल्क दोन डॉलर, बुकिंग साधारण तीन महिने आधी, तिथल्या सकाळी आठ वाजता. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. नवरा ऑफिसातून, मी घरून, दोघं रिक्रिएशन डॉट गव्ह ही बुकिंगची साइट उघडून बसलो होतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझ्याकडे १५ ऑक्टोबर सकाळी आठ ते नऊची वेळ पक्की झाली. हुकलं असतं तरी आदल्या संध्याकाळी सात वाजता थोडी तिकिटं पुन्हा सुटायची, आणि सकाळी सातच्या आत पोचणाऱ्याला काहीच लागत नसे. हे नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे तुमच्या वर्षीचे त्या उद्यानाच्या पानावर बघा.

झायनमध्ये एंजल्स लँडिंग नावाचा सुळका आहे. शेवटचा टप्पा साखळी धरून चढायचा, दोन्ही बाजूंना खोल दरी. २०२२ पासून तिथे सोडत काढतात. अर्जाचे सहा डॉलर, नंबर लागला तर माणशी आणखी तीन. आम्ही हंगामाच्या सोडतीत हरलो आणि नंतर आदल्या दिवशीच्या सोडतीतही हरलो. बारा डॉलर गेले. मला उंचीची भीती वाटते हे मी तोवर नवऱ्याला सांगितलेलंच नव्हतं. दुसऱ्यांदा हरल्यावर सांगितलं. तो म्हणाला, “मलाही.” मग अर्ज कशाला केला होता, तर दोघांनाही वाटलं होतं समोरच्याला जायचंय.

सगळ्यात मोठा वाद ग्रँड कॅन्यनचा. तो शेजारच्या ॲरिझोनात. अमेरिकेला जाऊन ग्रँड कॅन्यन नाही, हे आमच्या दोन्ही घरांना पटण्यासारखं नव्हतं. सगळे जातात तो दक्षिण काठ झायनपासून चार-साडेचार तास, उलट दिशेला. तो सोडला. उत्तर काठ त्यापेक्षा जवळ, जेमतेम अडीच तास. तिथलं लॉज ऐन कड्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडं. ऑगस्टमध्ये एका रात्री तिथली एक खोली मोकळी दिसली, कुणीतरी रद्द केलेली. नवरा म्हणाला घेऊ. मी म्हटलं, मग टोरीची एक रात्र जाईल आणि रोज पॅकिंग करून रोज गाडीत बसायचं होईल. तासभर वाद झाला. शेवटी तोच म्हणाला, “पुढच्या वेळी,” आणि शीटमध्ये लिहिलं. सोडलं, ओळ चौथी.

गाडी चालवण्याच्या परवान्याचं सांगते. आपलं इंग्रजीतलं लायसन्स असलं तरी गाडी भाड्याने देणारे आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात, म्हणून दोघांनीही काढला. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-अ, पासपोर्ट, लायसन्स, हजार रुपये, आणि आरटीओत एक फेरी. मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच.

७ ऑक्टोबरला रात्री निघालो, ८ ला लास वेगासला पोचलो. सासूबाईंनी मेतकूट, भाजणी आणि बेसनाचे लाडू दिले होते. विमानातून उतरल्यावर खाण्याचं काय आहे ते विचारतात तेव्हा सरळ सांगून टाका. मांस, ताजी फळं, बिया नसतील तर सहसा काही होत नाही. लपवलं तर दंड. आमच्या लाडवांकडे त्या माणसाने कौतुकाने पाहिलं आणि जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या काउंटरवर पहिला दणका. बुकिंग नवऱ्याच्या नावावर, क्रेडिट कार्ड माझं. चालणार नाही, कार्ड मुख्य चालकाचंच हवं. त्याच्याकडे फक्त फॉरेक्स कार्ड, तेही चालेना. अर्धा तास घासाघीस झाल्यावर तोडगा निघाला: मुख्य चालक मी, तो जास्तीचा चालक, आणि पत्नीचा नवरा म्हणून त्याचं वेगळं शुल्क नाही. अशा रीतीने जिने आयुष्यात सिंहगड घाटापलीकडे गाडी नेली नव्हती ती युटाची अधिकृत चालक झाली. कार्डावर २०० डॉलर अनामत म्हणून अडकवून ठेवले. विम्याचं आम्ही बुकिंगमध्येच घेतलं होतं, तरी काउंटरवर आणखी दोन प्रकार गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. बुकिंगचा कागद छापून नेला होता, तो पुढे केला.

उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते. अडचण वळताना येते. डावीकडे वळलं की हात आपोआप आपल्याकडच्या बाजूला गाडी नेतो. पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर “उजवी, उजवी” म्हणायचं असं ठरवलं होतं. पेट्रोल तिथे ‘गॅस’. पंपावर कार्ड घातलं की पिनकोड मागतो आणि आपला सहा आकडी पिनकोड त्याला समजत नाही. आत दुकानात जायचं, पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर द्यायचे, कमी लागलं तर उरलेले परत मिळतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर आमची वीस मिनिटं वाचली असती.

आणि नेवाडातून (लास वेगास याच राज्यात) युटात शिरलो की घड्याळ एक तास पुढे जातं. शीटमध्ये दहा वेळा तपासलेला हा मुद्दा आम्ही त्या दिवशी साफ विसरलो आणि संध्याकाळी झायनचं माहिती केंद्र बंद झाल्यावर पोचलो.

झायनच्या दारावर ८० डॉलरचा वार्षिक पास घेतला, ‘अमेरिका द ब्यूटिफुल’. एका गाडीतल्या सगळ्यांना चालतो. पाच उद्यानांचं वेगवेगळं प्रवेशशुल्क ३५, ३५, २०, ३० आणि ३०, म्हणजे दीडशे झालं असतं. पण मावसबहिणीसाठी मुद्दाम लिहिते: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांना हा पास २५० डॉलरला आहे. पास नसेल तर झायन आणि ब्राइससह अकरा उद्यानांत सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जास्त. आमचा ८० चा हिशोब आता विसरायचा.

झायनच्या मुख्य दरीत मोसमात खासगी गाड्या जात नाहीत, फुकटची शटल बस असते. वाहनतळ सकाळी लवकर भरतो, म्हणून आम्ही सहालाच रांगेत. सोडत हरलो होतो त्यामुळे ‘नॅरोज’. तिथे वाट म्हणजे व्हर्जिन नदीच. दोन्ही बाजूंना हजार फुटांच्या भिंती आणि मधल्या पाण्यातून चालायचं. गावात बूट, जाड मोजे आणि काठी भाड्याने मिळते, दोघांचे ६० डॉलर. काठी फालतू वाटली होती. पहिल्याच वळणावर गुडघाभर पाण्यात, गोल घसरड्या गोट्यांवर, ती नसती तर मी आडवी झाले असते. निघण्याआधी अचानक पुराची त्या दिवसाची शक्यता बघून जायचं. आभाळ तुमच्या डोक्यावर निळंभोर असलं तरी वर कुठेतरी पडलेला पाऊस या फटीतून येतो. नवरा दर दहा पावलांवर भिंतीला हात लावून थांबत होता. हे वाळवंटातले वाळूचे डोंगर होते, ज्युरासिक काळातले, हे बघ वाऱ्याने रचलेले थर. मला पाय बधिर झाल्याशिवाय काही कळत नव्हतं, पण थर मात्र दिसले.

११ तारखेला ब्राइस. झायन सोडताना १९३० साली पुरा झालेला मैलभराहून लांब बोगदा लागतो आणि पलीकडे खडकाचा रंगच बदलतो. ब्राइसचा काठ आठ हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट. ऑक्टोबरात पहाटे गोठण्याच्या आसपास थंडी असते. सामानात स्वेटर एकच होता, कारण मी “वाळवंट आहे” म्हणून दुसरा काढून टाकला होता. तो मला मिळाला आणि नवरा हॉटेलचं ब्लँकेट गुंडाळून सूर्योदय बघायला उभा राहिला. खाली हजारो दगडी सुळके, त्यांना हूडू म्हणतात. फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फुगतं, दिवसा वितळतं, आणि वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस हेच चालतं. त्यातून खडक उकलत जातो. आम्ही खाली त्यांच्यात उतरलो, वर चढून येताना मात्र दम लागला. नाजूक गुडघ्यांवाल्यांनी क्वीन्स गार्डन नावाच्या पायवाटेने उतरावं, तो उतार सौम्य आहे.

त्या दिवशी १२ ऑक्टोबर, दसरा. ब्राइस ते टोरी हा हायवे १२ शीटमध्ये ‘११५ मैल’ एवढाच होता. मी ती ओळ ‘नुसता प्रवास’ म्हणून रंगवली होती. माझा सगळ्यात मोठा चुकलेला अंदाज. एका ठिकाणी रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्हीकडे उतार, कठडा नाही. तिथे चालक मीच होते आणि उंचीला घाबरणारे दोघंही गाडीत गप्प. मग बोल्डर माउंटनवर रस्ता नऊ हजार फुटांच्या वर चढला आणि ॲस्पेनची झाडं आली. पांढरी खोडं, बरीच पानं गळालेली, उरलेली पिवळीधमक, वाऱ्यात थरथरणारी. गाडी बाजूला घेतली. नवऱ्याने खाली पडलेलं एक पान उचलून माझ्या हातावर ठेवलं. “सोनं घ्या.” घरी व्हिडिओ कॉल लावला तर सिग्नल नाही. हेही लक्षात ठेवा, त्या भागात नकाशे आधी उतरवून ठेवलेले हवेत. पान तिथेच ठेवून पुढे गेलो.

कॅपिटल रीफमध्ये गर्दी नाही, नाव कुणाला माहीत नाही, आणि आमच्या दोघांचंही तेच सगळ्यात आवडतं. दरीत जुन्या वसाहतीच्या फळबागा आहेत, फ्रूटा नावाच्या. मोसमात फळं तोडून वजन करून पैसे डब्यात टाकायचे. आम्ही गेलो तेव्हा झाडावर थोडीच सफरचंदं उरली होती. त्या संध्याकाळी टोरीच्या मोटेलमागे उभं राहून धूमकेतू पाहिला, त्सुचिन्शान-ॲटलस, जो त्या आठवड्यात जगभर दिसत होता. पश्चिमेला शुक्र, त्याच्या वर उजवीकडे फिकट शेपटी. टोरीची ही दुसरी रात्र म्हणजे उत्तर काठाच्या खोलीच्या बदल्यात राखलेली रात्र. त्या वेळी मी हे मोठ्याने बोलून दाखवलं होतं. आता नसतं बोलले.

मोआबचं थोडक्यात सांगते. आर्चेसमध्ये डेलिकेट आर्च, जाऊन-येऊन तीन मैल, सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी न्या. कॅन्यनलँड्समध्ये मेसा आर्चचा सूर्योदय, जिथे कॅमेऱ्याच्या तिवया लावलेल्यांची भिंत उभी असते आणि आपल्याला त्यांच्या कोपरांच्या मधून बघावं लागतं. नवरा म्हणाला सुंदर आहे. मला तिथून मैलभर पुढे, कुणीही नसलेल्या कड्यावर मेतकूट-भाताचा डबा खाल्ला ते जास्त आठवतं. भात आदल्या रात्री मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये केला होता.

१७ ला सॉल्ट लेक सिटीला गाडी परत केली. वेगासहून घेऊन इथे सोडायचे १७५ डॉलर जास्त पडले, पण उलटं सात तास गाडी चालवणं वाचलं. एकूण हजारेक मैल, पेट्रोल १०८ डॉलर. दहा रात्री १६४५, गाडी सगळं धरून ८१५, खाणं ५२० च्या आसपास. विमानं दोघांची २ लाख १८ हजार रुपये. व्हिसा, विमा, परवाने मिळून सव्वापाच लाखांच्या आत बसलं. अडकवलेले २०० डॉलर अकराव्या दिवशी परत आले, मध्ये दोनदा ईमेल केल्यावर.

शीट मावसबहिणीला पाठवण्याआधी मागच्या आठवड्यात उघडली. ‘सोडलं’मध्ये सतरा ओळी आहेत. सोळा तशाच ठेवल्या. चौथी, उत्तर काठाच्या लॉजची, मी पुसायला गेले. जुलै २०२५ मध्ये तिथे वणवा लागला आणि १९३७ मध्ये पुन्हा बांधलेलं ते लॉज जळून गेलं. बातमी आली तेव्हा नवरा ऑफिसात होता. त्याने मला फक्त दुवा पाठवला, सोबत एक शब्दही नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही त्याविषयी बोललोही नाही. ओळ पुसायला गेले तर त्यापुढे त्याने कधीतरी लिहून ठेवलेलं दिसलं: “खोली ऑगस्टमध्ये मोकळी होती.” मी ती तशीच राहू दिली आणि शीट पाठवून दिली.